तुमाले काय भेटते?

बाई, तुम्ही मला विसरल्या असाल, यात मला काही शंका नाही. चष्मा डोक्यावर ठेवून तो आमच्या पलंगाखाली शोधणाऱ्या बाईला माझा चेहरा कुठून आठवायचा? खडू तुम्ही विसरायच्या, गिलास हातात घेऊन पाणी प्यायचं विसरायच्या, आणि शेवटच्या दिवशी तर छत्रीच विसरून गेल्या. ती अजून माझ्याकडे आहे. म्हणून आठवण करून देते. मी रुआबांध्याची, पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करणाऱ्याची बायको, जिला तुम्ही सही शिकवायला निघाल्या होत्या आणि जी शिकली नाही. हे माझी नात लिहून राहिली आहे. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. तिची आई नागपूरची, तिनं पोरीला घरीच मराठी लिहायला शिकवलं. मी एवढं लांबलचक बोलते आणि तिचा पेन जरासा हलतो, म्हणून मधून मधून वाचून दाखवायला लावते. "आजी, माह्यावर भरोसा नाही का?" म्हणते. नाही. मी कोणावर केला आहे, की तिच्यावर करू?

घरचे दुपारच्या 'बी' शिफ्टला गेले की तुम्ही यायच्या. भर उन्हात, छत्री घेऊन, अफसरांच्या बंगल्यांकडून आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत. पुण्याकडची बाई, साहेबाची बायको, स्वतःच्या घरी पंखा सोडून आमच्या ओट्यावर घाम गाळायला कशाला येते, याचा शोध आम्ही सगळ्या लावत होतो. एक म्हणे, नसबंदीच्या केसा शोधते. दुसरी म्हणे, क्वार्टर खाली करवायच्या कागदावर सह्या घेईल. माझा शक वेगळाच होता. अंगठा माझा आहे, माझ्या हाताला चिकटलेला आहे, तो कोणी नेऊ शकत नाही. सही तर कोणीही काढेल. जे चोरता येत नाही ते सोडून जे चोरता येतं ते ही बाई मला का देते? आजही मला त्यात चूक दिसत नाही. रेशनच्या दुकानात आता शिकलेले लोक रांगेत उभे राहून मशीनवर अंगठाच टेकवतात. नातीच्या कामावर हजेरीसुद्धा अंगठ्यानंच लागते. एवढं शिकून आले तर माझ्याच दारी.

आणि तुमचा तो चिवडा. स्टीलच्या डब्यात भरून आणायच्या. पहिलाच घास घेतला तर गोड. आमच्याकडे चिवड्यात साखर कोण टाकतं? ज्याला काही लपवायचं आहे तो. शेवटच्या दिवशी डबा बाजूला ठेवून मी सरळ विचारलं, "बाई, तुमाले याच्यात काय भेटते?" तुमचे कान लाल झाले. "मला काय मिळणार?" एवढंच म्हणालात, पाटी पिशवीत घातली, पायात चपला घातल्या. मी दारात उभी आहे, तुम्ही लाईन ओलांडून चालल्या आहात, डोक्यावर ऊन, आणि छत्री माझ्या कोपऱ्यात. हाक मारली नाही. वाटलं, उद्या छत्रीसाठी तरी येईल. तुम्ही आल्या नाही. पुढं साहेबांची बदली झाली, आणि कितीतरी वर्षांनी कोणीतरी सांगितलं की तुम्ही देवाघरी गेल्या.

आज हे काढायचं कारण, ही नात. दुर्गच्या कॉलेजात शिकते, आणि या उन्हाळ्यात तिनं एका संस्थेत दोन महिन्यांचं काम धरलं. काम काय, तर बारावी झालेल्या पोरापोरींना कॉलेजसाठी तयार करायचं. कोणता विषय घ्यावा, कुठं अर्ज टाकावा, समोर साहेब बसला तर मान वर करून कसं बोलावं. आमच्या वेळी पोरी तयार करायच्या म्हणजे लग्नासाठी, आणि मान खाली करायला शिकवायच्या. रोज सकाळी बसनं जामुलला जाते, संध्याकाळी सिमेंटच्या धुळीनं पांढरी होऊन येते. चेहरा तरीही हसरा. मला हे पटेना. एवढ्या उन्हातून जो हसत येतो, त्याचं काहीतरी असतं. पोरगा असेल म्हटलं. एक दिवस पाण्याची बाटली घेऊन मीच तिच्यासोबत बसमध्ये चढले. मागच्या बाकावर बसून दिवसभर पाहिलं. पोरगा नव्हता. पोरं होती, पण घाबरलेली. "अपने बारे में कुछ बताइए" एवढ्या प्रश्नाला घाम फुटणारी.

त्यातली एक पोरगी, केमिस्ट्रीत हुशार. रायपूरच्या कॉलेजात तिला सीट मिळाली होती, होस्टेलसह, आणि त्याच आठवड्यात जाऊन नाव पक्कं करायचं होतं. घरातून होकार येईना. बाप सिमेंटच्या कारखान्यात पोती भरतो. तो म्हणे, माय म्हणेल तसं. म्हणून संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. आजी गोंदियाकडची, दारातच खाटेवर बसलेली, माझ्याच वयाची. तिनं माझ्या नातीला वरून खालपर्यंत पाहिलं.

"पोरगी रायपूरले पाठवा म्हणून राहिली तू. याच्यात तुले काय भेटते?"

बाई, हा तर माझाच प्रश्न. आणि माझी ही पोरगी, जी दिवसभर दुसऱ्यांना बोलायला शिकवते, तिचे कान लाल झाले. "ठीक है आजी, हम कल आते हैं," म्हणाली आणि बॅग उचलली. मी तिची ओढणी धरली.

"बस. इचारलं तं सांग. पळते कावून?"

ती बसली. बॅग खाली ठेवून म्हणाली, "पगार भेटते मले. अन् बारावी झाली तवा मले हे सांगणारं कोणी नव्हतं, मी दुर्गलेच राहून गेली. आता ही राहून गेली तं मले झोप नाही लागत."

"म्हंजे झोपेसाठी करते?"

"हो."

 "झोपेसाठी करते म्हणते," म्हातारी घरात पाहून म्हणाली, जसा कोणा दुकानदारानं बरोबर भाव सांगितला. मग माझ्याकडे वळली. "अन् तू कोण?"

"हिची आजी. मलेबी हिच्यावर शक आहे, म्हणून मागं मागं फिरून राहिली."

"मंग चाल. दोघी जाऊन पाहून येऊ."

गेलो. रायपूरला पोरींना फाटकाशी उभं करून आम्ही दोघींनी होस्टेल तपासलं. न्हाणीघराच्या कड्या हलवून पाहिल्या, चौकीदाराला त्याची बायको कुठली ते विचारलं, खानावळीत जाऊन डाळ चाखली. डाळ तोंडात गेली आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीनं नातीला बोलावलं. "कडी मजबूत आहे. डाळ पाणी आहे. राहशीन?" पोरगी म्हणाली, "राहीन." ऑफिसात घरच्यांची सही मागितली तर म्हातारीनं अंगठा पुढं केला आणि मला डोळा मारला. आता ती पोरगी तिथं आहे, पातळ डाळ खाऊन केमिस्ट्री शिकते.

त्या दिवशी, बाई, मी नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलं होतं. आमच्यात विचारतात म्हणजे अजून दार उघडं आहे. ज्याला नाही म्हणायचं असतं त्याला आम्ही चहा पाजून वाटेला लावतो. तुम्ही खरं काय ते सांगायचं होतं. घरी करमत नाही म्हणायचं होतं, तुमच्याकडचा चहा बरा असतो म्हणायचं होतं. त्यावर तर मी लगेच विश्वास ठेवला असता. तुम्हाला काय मिळत होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि माझा शक अजून गेलेला नाही.

नात विचारते, हे टाकायचं कुठं? कुठंच नाही. गुंडाळून छत्रीत ठेव म्हटलं. एक राहिलं. लाईनीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की तुमचा चिवडा कोंबड्यांना टाकला. टाकला नव्हता. दार लावून खाल्ला, आणि डब्याच्या तळाची साखर बोटानं चाटली. तेव्हा कधी काही पाठवायचं झालंच तर तोच चिवडा पाठवा. डबा मोठा घ्या, रायपूरच्या पोरीलाही द्यायचा आहे. शेंगदाणे जास्त टाका. साखर होती तेवढीच राहू द्या.