प्रश्न चौथा: पाणी कोणते वापरले?

दि. ३ फेब्रुवारी
गोठ्यालगतची कचेरी,
सकाळचे दूध रवाना झाल्यावर

महोदये,

सप्रेम व सप्रपत्रक नमस्कार. तू धाकटी, तेव्हा वास्तविक आशीर्वाद द्यावयाचा. परंतु तू मला ‘महोदय’ असे टंकित करून पाठवले आहेस, म्हणून आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे. सख्ख्या बहिणीचे तीन वर्षांनी पाकीट यावे आणि त्यातून अकरा प्रश्न व ‘उत्तरे सुवाच्य अक्षरांत लिहावीत’ ही सूचना एवढेच बाहेर पडावे, हा अनुभव मजसारख्या स्थितप्रज्ञासही क्षणभर अस्थिर करून गेला. पाकीट उलटे धरून झटकून पाहिले. आणखी काही पडले नाही.

इकडील सर्व क्षेम. तुझ्या वहिनीचा गुडघा अद्याप असहकाराच्या भूमिकेवर ठाम आहे. गाई अडतीस. तू जिला ‘राणीसाहेब’ म्हणायचीस ती काळी गाय आता दूध देत नाही, केवळ दर्शन देते. कुट्टीयंत्राला नवे पाते बसवले. जुने कसे तुटले हा इतिहास रोचक असला तरी या प्रपत्रकाच्या कक्षेत येत नाही.

आता प्रपत्रकाकडे वळतो. विषय: तीन वर्षांपूर्वी भरलेला खड्डा क्रमांक दोन, उसाचा मुरघास. तुझाच सिद्धान्त तुलाच ऐकवण्याचे औद्धत्य करतो, म्हणजे माझे आकलन शाबूत असल्याची तुझी खात्री पटेल. हिरवा चारा कुटून, दाबून, हवाबंद करून मुरवला की महिनोन्महिने टिकतो. उसाची अडचण अशी की त्यात साखर फार; तीवर यीस्ट तुटून पडते आणि चाऱ्याची दारू होते. म्हणून तू प्रयोगशाळेत ते विशिष्ट जिवाणूंचे विरजण सिद्ध केलेस. ते पाण्यात कालवून थराथरावर फवारले की चारा आंबट होतो, त्यात थोडे व्हिनेगर तयार होते आणि यीस्टचा उत्साह मावळतो. बरोबर ना? शंभरपैकी किमान साठ गुण द्यावेस.

ऊस किती महिन्यांचा होता? अकरा. तुकडे केवढे? बोटाच्या पेराएवढे, काही पेरे पैलवानाची. दाबला कशाने? ट्रॅक्टरने, दोन तास, मागेपुढे. वर प्लास्टिक आणि त्रेपन्न टायर. युरिया वा चुना मिसळला होता काय? युरिया नाही. चुनाही नाही, चुना लावण्याची कला आपल्या घराण्यात अवगत नाही. उघडल्यावर वास कसा होता? थेट गुत्त्याचा. गाईंनी तोंड फिरवले, आणि शेजारच्या वेल्डरने मात्र विनाकारण दोन फेऱ्या मारल्या.

चौथा प्रश्न तेवढा राहिला. ‘विरजण कालवण्यासाठी पाणी कोणते वापरले?’ नळाचे असावे. विहिरीचेही असू शकेल. स्मरत नाही. मनुष्य मर्त्य आहे, आणि सचिव विशेषच.

प्रपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहेस की ‘या एका खड्ड्यातील अपयशाचे कारण निश्चित न झाल्यास विरजणाची शिफारस करता येणार नाही’. वाचले. एका खड्ड्याचे इतके कौतुक कशाला? इतर ठिकाणी यश आले असेलच.

दूध संघाच्या त्या सभेतील किरकोळ विनोदाचा राग तू अद्याप धरून असशील तर तो सोडावास, अशी या निमित्ताने विनंती. मी एवढेच म्हणालो होतो, ‘आमच्या भगिनींनी विरजण दिले दह्याचे, खड्ड्याने स्वयंप्रेरणेने काढली भट्टी, आणि गाई आता धारेच्या वेळी अध्यक्षांना एकेरी हाक मारतात.’ लोक हसले. लोक हसतातच. अध्यक्ष स्वतः पोट धरून हसले, आणि त्यांचे पोट धरणे हे काही एका माणसाचे काम नव्हे.

हे लिहीत असता वहिनी चहा घेऊन आली आणि खांद्यावरून डोकावली.

“लिहिलंत का?”

“सुवाच्य लिहिले आहे.”

“ते नाही विचारलं मी,” असे म्हणून चहा ठेवून गेली. साखर घालायला विसरली होती. की विसरली नव्हती, कोण जाणे.

कळावे, लोभ असल्यास.

आपला आज्ञांकित,
खड्डा क्रमांक दोनचा अधिपती
व दूध संघाचा मानद सचिव


दि. १९ फेब्रुवारी
तेथेच

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. टंकित नव्हती, हाताने लिहिलेली होती, म्हणून आधी बरे वाटले. मग वाचली.

तू लिहितेस: ‘तुझ्या खड्ड्यातलं अपयश पुन्हा घडवायला मी तीन वर्षांत चाळीस पिंपं भरली. क्लोरिनचं पाणी, खारं पाणी, कढत पाणी, सगळं करून पाहिलं. विरजण कमकुवत झालं, पण तुझ्यासारखी दारू एकातही झाली नाही. ज्या पिंपात काहीच घातलं नव्हतं, त्याला मात्र हुबेहूब तुझ्या खड्ड्याचा वास आला. महिनाअखेर अहवाल द्यायचाय. पाणी कुठलं होतं, दादा?’

चिठ्ठीतील शेवटचा शब्द मी पुनःपुन्हा वाचला. तुला सारे कळले आहे. कळूनही तू पाण्याबद्दलच विचारते आहेस, म्हणजे सांगण्याचे काम माझ्याकडेच ठेवले आहेस.

तेव्हा सांगतो. ज्या दिवशी खड्डा भरला त्या दिवशी कुट्टीयंत्राचे पाते तुटले. मेकॅनिक येईतो दुपार झाली. ट्रॅक्टर चारला दुसरीकडे जावयाचा होता. मी आरडाओरड केली, आज्ञा सोडल्या, स्वतः ट्रॅक्टरवर चढून मार्गदर्शन केले. थोडक्यात, उपयोगाचे काही केले नाही. शेवटचा टायर ठेवला, हात झटकले आणि आठवले की विरजणाच्या पाचही पुड्या घरी फ्रीजमध्ये आहेत.

त्रेपन्न टायर काढायचे होते. ते मी काढले नाहीत. संध्याकाळी तुझा फोन आला. “घातलंस ना?” तू विचारलेस. “घातलं,” मी म्हणालो. इतकी वर्षे मक्याचा मुरघास विरजणावाचून होतोच आहे, तसा हाही होईल आणि श्रेय तुला मिळेल, असा माझा उदात्त हिशेब होता. त्यात कोणाचे काय बिघडते?

साठ दिवसांनी खड्डा उघडला आणि बिघडले. त्या वेळी तरी सांगता आले असते. परंतु सभा तिसऱ्या दिवशी होती, संघ तुझे विरजण सर्व गोठ्यांना देणार की नाही हे तेथेच ठरणार होते, आणि ‘सचिव विसरला’ हे वाक्य उच्चारण्यास माझी जीभ धजावेना. तेवढ्यात तो विनोद सुचला. सुचलेला विनोद गिळणे मला जन्मात जमले नाही. त्या दिवशी विनोद वाचवण्यासाठी मी दुसरेच काही गिळले.

तू तिसऱ्या रांगेत होतीस. मांडीवर तक्त्यांची गुंडाळी होती. हशात तू उठून काही विचारलेस, ते कोणास ऐकू गेले नाही. मला गेले. “पाणी कुठलं वापरलं होतं?” आणि मी भर सभेत म्हणालो, “पवित्र!” पुन्हा हशा. तू गुंडाळीला रबर लावलेस आणि निघून गेलीस. नंतर बदली मागून घेतलीस, हे वहिनीकडून कळले.

तुझ्या उमेदीवर विरजण टाकण्यात मी तत्परता दाखवली. खड्ड्यात टाकायचे तेवढे राहून गेले. आणि मागच्या पत्रात चुन्याविषयी जे लिहिले तेही दुरुस्त करून वाच. उसात मिसळला नाही हे खरे. तुला लावला.

तुझ्या पिंपांचा आकडा वाचून मी कचेरीतून उठलो आणि फ्रीज उघडला. बर्फाच्या कप्प्याखाली, वाटाण्याच्या पिशवीमागे, पाचही पुड्या तशाच. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात ‘थंड ठेव. विसरू नकोस.’ दोहोंपैकी पहिली सूचना मी तीन वर्षे काटेकोरपणे पाळली.

वहिनी मागे उभी होती.

“तीन वर्षं मी त्या पुसून परत ठेवतेय,” ती म्हणाली.

“तुला ठाऊक होते?”

“अक्षर ओळखते मी तिचं. वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल.”

“मग तू का नाही सांगितलेस तिला?”

“माझी बहीण आहे का ती?”

मी पाचही पुड्या बाहेर काढल्या आणि फ्रीज लावला.

काल संघाची मासिक सभा होती. ‘ऐनवेळचे विषय’ या शीर्षकाखाली मी उभा राहिलो. सवयीने चारदोन जण आधीच हसू लागले. मी सांगितले की खड्डा क्रमांक दोनमध्ये विरजण घातलेच नव्हते, ते विसरणारा मी, आणि खोटे बोलणाराही मीच. तरी मागून कोणीतरी हसलेच. त्याला वाटले, पुढे काही विनोद आहे. पुढे काही नव्हते.

“अहो, मग त्या दिवशी आम्हाला हसवलंत कशाला?” अध्यक्ष म्हणाले. रागावलेले नव्हते, हे अधिक अवघड. “त्या बाईंना आम्ही साधं बसा म्हटलं नाही हो.”

मी सचिवपदाचा राजीनामा दिला. तो त्यांनी घेतला. तुझ्या विरजणाचा विषय पुढील सभेपुढे घेण्याचे ठरले. तू अहवाल दिलास तर वाचू, आलीस तर ऐकू, असे इतिवृत्तात नोंदले आहे. इतिवृत्त मीच लिहिले, शेवटचे. त्यात एकही विशेषण नाही. प्रत सोबत जोडली आहे, अहवालास लाव. माझा खड्डा अपयशाच्या रकान्यातून काढ आणि जेथे काहीच न घातलेले पिंप लिहिले आहेस त्याच्या शेजारी लिही. त्याची जागा तीच आहे.

तू सभेला ये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आलीस तर मी तिसऱ्या रांगेत बसेन. राणीसाहेब अजून तुझा आवाज ओळखेल असे वहिनीचे म्हणणे आहे. मी त्यावर मतप्रदर्शन करत नाही.

तुझी चाळीस पिंपे मला भरून देता येणार नाहीत. ती भरताना तू दर वेळी आपलेच काय चुकले ते शोधत होतीस, हे मात्र आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मागील पत्रातील आशीर्वाद राखून ठेवला होता. तो देण्यास मी आता लायक नाही. तो वहिनीच्या हस्ते पाठवत आहे. मजकडून फक्त प्रपत्रकातील अपुरे उत्तर, तुझ्या सूचनेनुसार सुवाच्य अक्षरांत:

प्रश्न चौथा.
पाणी: घेतलेच नाही.
विरजण: पाच पुड्या, न फोडलेल्या, सोबत परत.

दादा