बद्द वाजलेली नळी

१ सप्टेंबर, सोमवार

नळी बद्द वाजली. कापली.

बारा दिवसांची मेहनत! भोक पाडलं, आतनं घासून आरसा केला, दोरीला टांगली, हातोडीनं हळूच हाणली. बंदुकीची चांगली नळी देवळाच्या घंटेगत घुमत राहती. ही नुसती ठप्प. म्हणजे आत कुठंतरी चीर. आबांचा, माझ्या वडलांचा नियम — बद्द वाजली की त्याच दिवशी दोन तुकडे करायचे. ठेवली तर घाईगडबडीत वापरशील आणि एखाद्याचा हात जाईल.

केरबा म्हणला, वाजतीया की चांगली. चाळीस वर्षं हा माझ्या दुकानात बंदुकीचे लाकडी दस्ते घडवतोय. लाकूडवाल्याला लोखंडातलं काय कळतंय!

२ सप्टेंबर

पिराजीचा फोन. पन्हाळ्याखालच्या वाडीचा मानकरी. दसऱ्याला ह्याच्या ठासणीच्या बंदुकीचा बार निघाला की मगच त्यांच्या देवाची पालखी उठती. जुनी बंदूक पार झिजली, नवी करायला माझ्याकडं टाकलीया. परवान्याचे कागद कधीच आलेत, बंदूकच न्हाय. दसरा २ ऑक्टोबरला. महिना हाय.

पुढं काय बोलला कळलंच न्हाय. हल्ली लोकं फोनवर तोंडातल्या तोंडात बोलतात. बायकोनं, मीनानं घेतला शेवटी.

७ सप्टेंबर

काल विसर्जनाची मिरवणूक दुकानावरनं गेली. यंदा डॉल्बी एकदम मवाळ. कुणीतरी पोरांचे कान पिळले असणार. बरं झालं. मीना तरी कानात कापूस कोंबून बसलेली. तिची नाटकं काय संपत न्हाईत.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुसरी नळी. हीपण बद्द!

लोखंडाच्या व्यापाऱ्याला फोन करून झाडला. करवत घेतली तर केरबा आडवा आला. "आकाराम, डोकं फिरलंय काय तुझं? सोन्यासारखी नळी हाय!" मी म्हणलं, तू आपली लाकडं तास. नळी फुटली तर हात पिराजीचा जाईल, तुझा न्हाय.

सगळ्यांसमोर बोललो. दोन गिऱ्हाइकं होती. केरबानं हत्यारं पिशवीत भरली आणि गेला.

जाऊ दे. दस्ता करून ठेवलाय त्यानं. शिसवीचा. झ्याक झालाय, खोटं कशाला बोलू.

नळी कापली.

१५ सप्टेंबर

केरबा आला न्हाय. चहावाल्याला सांगायचं राहिलं, दोन कप ठेवून गेला. दोन्ही मीच प्यालो.

१८ सप्टेंबर

आजपण न्हाय. उद्या येईल.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसले. मीना आरतीला घंटा नुसती हलवती, वाजवत न्हाय. म्हणलं नीट वाजीव की, तर माझ्या तोंडाकडंच बघत बसली.

दुपारी पिराजी आला. ओरडूनच बोलत होता. वाडीची पालखी आजवर एकदाबी चुकलेली न्हाय. "मामा, आमच्या घराण्याचा मान हाय. माझ्या हातनं नका मोडू." म्हणलं होतंय की. आतनं मात्र टरकलोय. दहा दिवस राहिले आणि तिसरी नळी अजून निम्मीच. लोखंड ह्या खेपेला दुसऱ्याकडनं आणलंय, स्वतः जाऊन, पारखून.

केरबा असता तर निम्मी घासाघास त्यानं केली असती. खांदा भरून आलाय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरी पुरी झाली. टांगली. हाणली.

बद्द.

खाली बसलो. व्यापारी दुसरा, लोखंड दुसरं, आवाज तोच. असं कसं? करवत नळीवर धरली आणि हात चालेना. केरबाचा चेहरा पुढं आला — आडवा आला तवाचा. तो लबाड बोलणारा माणूस न्हाय.

कापली न्हाय. आबांचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. जेवताना मीनानं दोनदा काहीतरी विचारलं म्हणं.

२७ सप्टेंबर

सकाळी मीनाची पूजा झाल्यावर देवघरातली घंटा उचलली. आमच्या लग्नातली. बेचाळीस वर्षं रोज ऐकतोय. दुकानात नेली, नळीशेजारी टांगली, हातोडीनं हाणली.

तीपण बद्द.

नळ्या चांगल्या होत्या. कान माझे गेलेत. दोन सोन्यासारख्या नळ्या मी माझ्या हातानं कापल्या, आणि ज्याला ऐकू येत होतं त्याला चारचौघांत हाकलला. लई लाज वाटली.

करवत खिळ्याला अडकवली. पाच दिवस हायत. केरबाला बोलवायला निघालोय, चालतच. फोन करून काय उपयोग, तो काय म्हणतोय ते मला ऐकू कुठं येणार!