ओल्डेनब्रोकच्या खंदकाचं पाणी

मी, वेन्नेमार फॉन ओल्डेनब्रोक, वय सत्तावीस, फुप्फुसं कामातून गेलेली पण डोकं जागेवर असलेला, कोणाच्याही दडपणावाचून हे माझ्या हाताने लिहितो. शाळा मी पुन्हा पुन्हा सोडली, तेव्हा भाषेचं वकिलांनी सांभाळून घ्यावं.

१. माझे बूट आणि ट्रिएस्टच्या गोदीतला कोट गाडीवान हिन्रिकला. त्या गोदीत एक बाई सार्डिन तळायची, अशी की माणूस आपलं गाव विसरेल. असो. कोट उबदार आहे.

२. चुलतभाऊ क्लेमेन्सला दिवाणखान्यातलं पेंढा भरलेलं रानडुक्कर. बाबांना पुरून आलो त्याच दुपारी हा दालनं पावलांनी मोजत होता. याहून अधिक त्याला काही नाही.

३. स्वयंपाकीण ड्र्यूके साक्षीदार असल्याने तिच्या नावे काही ठेवता येत नाही. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "तुझं घ्यायचं तरी काय, वेन्नो? खोकला?"

४. आता किल्ला. पूर्वजांनी दलदलीत ओकचे खांब ठोकून त्यांवर हा भुईकोट उभारला. खंदकात पाणी आहे तोवर ते खांब लोखंडासारखे. उघडे पडले की कुजणार. तीनशे वर्षांपूर्वी स्वीडिश फौज आली त्या हिवाळ्यात खंदक गोठला. घरच्यांनी भिंतीलगतचा बर्फ रात्रंदिवस फोडत ठेवला, म्हणून शत्रू आत आला नाही. फौज कधीच घरी गेली. आम्ही मात्र दर हिवाळ्यात बर्फ फोडतच राहिलो. गाणी म्हणत, गरम बिअर पीत.

फोडलेल्या त्या चरावर एका दुपारी पातळ पापुद्रा धरला, वर हिम भुरभुरलं. माझा धाकटा भाऊ गिस्बर्ट त्यातच गेला. सात वर्षांचा होता.

आई म्हणाली, "हे पाणी सोडून द्या."

"मेखथिल्ड, घर खचेल गं," बाबा म्हणाले.

"खचू दे. ते पाणी उशाशी घेऊन झोपू मी?"

"सहाशे वर्षं उभं आहे—"

"माझं लेकरू सातच वर्षं उभं होतं."

बाबांनी पाणी सोडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुदळी निघाल्या. आई पुलापलीकडे, वेशीवरच्या खोलीत राहायला गेली. खंदकाकडची खिडकी तिने विटांनी बुजवून घेतली. मी काही वर्षं पुलावरून दोघांचे निरोप पोचवले, मग पळालो.

आता बाबा नाहीत आणि मी आईच्याच खोलीत पडून आहे. परवा तिला विचारलं, "आई, मालक मी आहे. सोडायचं का पाणी?"

चादर सारखी करत ती म्हणाली, "तुझं घर आहे रे ते. तू बरा हो, मग बघू."

मी बरा होणार नाही. तिला ते माझ्याआधी कळलंय.

म्हणून किल्ला, खंदक आणि बांधावरचं पाण्याचं दार आईच्या एकटीच्या मालकीचं राहील. दार उघडण्यास कोणीही, विशेषतः क्लेमेन्सने, हरकत घेऊ नये.

आई, त्या दाराचं चाक गंजलंय, ड्र्यूकेला सोबत ने. माझ्यासाठी घर राखायचं आता कारण उरलं नाही. फिरव चाक.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.
सही: वेन्नेमार फॉन ओल्डेनब्रोक

आमच्यासमोर सही केली:
गेर्ट्रूड हेल्कर, म्हणजे ड्र्यूके
लांबर्ट टेर्होर्स्ट, गावचे पाद्री

ओल्डेनब्रोक, म्युन्स्टरलँड
९ फेब्रुवारी १९२८