लिफ्टवाल्याला कुणी विचारलंच नाही

सौ. रत्नामामी,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे, मामाचा खोकला आणि फणसाला लावलेला टेकू सगळं जागच्या जागी असेल अशी आशा. उत्तराला फार उशीर केला. कामाचं कारण देणार होतो, पण तू ओळखशील. तुझ्या पत्रात शेवटी ‘शेजारच्या मृणालीला बघायला पाहुणे आले होते’ एवढंच होतं आणि पान संपलं. (पलटून बघितलं, मागे कोरं.) तेव्हापासून पेन उचलवेना.

तर मी मजेत आहे. सध्या इथल्या बाब अल बहरीन बाजारातल्या एका कापडदुकानाची व्हॅन चालवतो. आधीची कामं का सुटली ते भेटीत सांगेन. शुक्रवारी अरादला शैलेंद्रसाहेबांकडे जातो. पुण्याचे, बँकेत मोठे. त्यांच्या हॉलमध्ये मंडळी जमून जुने अमेरिकन गुन्हेगारी सिनेमे बघतात. त्यांत सगळ्यांच्या डोक्यावर हॅट आणि कुणाच्याच घरात पुरेसा उजेड नाही. प्रोजेक्टर मी लावतो आणि मध्येच चहाही मीच करतो, कारण मेधावहिनींना माझ्या हातचा आवडतो. (आलं ठेचून घालतो, तुझ्यासारखं. वास आला की आपलं अंगण दिसतं, आणि फाटकापाशी सायकल धरून मृणाली. ते जाऊ दे.) त्यामुळे आजवर एकाही सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही.

परवाच्या सिनेमात गोऱ्यांच्या हॉटेलात खून होतो. लिफ्ट चालवणारा काळा माणूस. खुन्याला वर त्यानेच नेलं, खाली त्यानेच आणलं. पोलीस एका म्हातारीच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी करतात, याला कोणी विचारत नाही. डिटेक्टिव्ह त्याच्याकडून काडी घेऊन सिगारेट पेटवतो आणि कितवा मजला ते सांगतो. एकदा तो काम संपवून बारच्या दारात उभा राहतो, तर आतला पियानो थांबतो, सगळे वळून बघतात आणि तो परत फिरतो. त्याच्या नुसत्या पाठीवरून कळतं की त्याला सगळं ठाऊक आहे. मला राहवेना. मागून ओरडलो, ‘‘अहो, त्या लिफ्टवाल्याला विचारा ना.’’

साहेब रागावले नाहीत. सिनेमा थांबवून समजावलं की तेव्हा तिकडे गोरे-काळे एका बारमध्ये बसत नसत, पडद्यावर ते उघड बोलायचीही चोरी, म्हणून ती भीती अशी सावल्यांत ठेवलेली असते. मला पटलं. आभार मानणार, तोच म्हणाले, ‘‘स्वरूप, आता चहाचं बघ.’’

मी आत वळलो तेव्हा सिनेमा पुन्हा सुरू झाला होता आणि तोही लिफ्टचं दार ओढून घेत होता. ट्रे घेऊन आलो तर दिवे लागलेले. त्याचं पुढे काय झालं, विचारलं. कुणालाच आठवेना. मेधावहिनी म्हणाल्या, आलं जरा जास्त झालंय.

नईम भागातल्या आमच्या खोलीवर परतल्यावर जमालुद्दीनला सांगितलं. (शेजारच्या खाटेवरचा, हैदराबादचा.) तो म्हणाला, ‘‘छुट्टी मिल गई होगी उसको. गाँव गया होगा.’’ मला हा शेवट फार आवडला.

तुझा,
स्वरूप

ता. क. फोनवर मामा स्पीकर लावतो, म्हणून पत्र. मृणालीचं ठरलं असेल तर सावकाश कळव. नसेल तर तिला सांग, गणपतीत मी येतोय, इंशाल्ला. (गेल्या गणपतीतही हेच म्हणालो होतो, त्याची आठवण करून देऊ नकोस.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारात बाळाजी. मृणालीचा मोठा भाऊ, पलीकडे सौदीत दम्मामला ट्रक चालवतो तो. गावाहून परतताना वाटेत उतरलाय. हातात पेढ्यांचा डबा. कसले ते सांगायला लागला, तर मीच म्हटलं, बस, आधी चहा ठेवतो. आता तो बाहेरून काहीतरी सांगतोय, पण मी आलं ठेचतोय, नीट ऐकू येत नाही.