जस्ताचा सौदा

चाकूर, ता. ८ जुलै २०२५

चि. दयानंदास सिंधुताईचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत पोरांवर मी रोज ओरडते, पण इतका संताप मला कुणाचा आला नव्हता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर किल्लारीला गेले. आबा ओसरीवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. लेक आली तरी मान वर नाही. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. आईला विचारलं तर ती म्हणाली, काही न्हाई गं, लंडनमधी जस्त पडलंय. पुढ्यातली भाकरी वाळून पापड झाली होती. साखर कारखान्यात उभी हयात फिटर राहिलेला माणूस, त्याला या वयात जस्ताचा बाजार कुणी दाखवला? तू! क्लासमध्ये पोरांना गणित शिकवतोस ते पुरत नाही का रे?

मी मोबाईल काढून घेतला आणि पिशवीत घालून इकडं आणला. आबा मागून ओरडत होते, मी एसटीत चढले. आता हा खेळ बंद. आईचा जीव टांगणीला आहे, एवढं तरी ध्यानात ठेव.

तुझी ताई,
सिंधु


नांदेड, ता. १२ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि फाडणार होतो. उत्तर द्यायचं म्हणून ठेवलं.

आबांना मी काही दाखवलं नाही, त्यांनीच विचारलं. म्हणाले, सोनं-चांदी सगळेच घेतात, जस्ताचा मुलामा दिलेल्या पायपांत माझा जन्म गेला, तो धातू साध्या माणसाला घेता येत न्हाई का? येतो, ताई. एक्स्चेंजवर जस्ताचा छोटा सौदा एक टनाचा असतो. सगळी किंमत भरावी लागत नाही, अनामत ठेवायची. भाव चढला की जमा होतं, उतरला की कापलं जातं. मुदतीच्या आत सौदा मिटवायचा, नाहीतर खरंच टनभर जस्त गळ्यात पडतं. ज्याला एवढी धाकधूक नको, त्यानं धातूच्या कंपनीचे शेअर घ्यावेत. यात जुगार कुठं आहे?

रीतसर खात्याला कागदपत्रांची कटकट फार, म्हणून आबांचं काम माझ्या मित्राकडं, साहेबरावकडं लावून दिलं. तो रोखीत करतो, अनामतही निम्मीच घेतो. भाव तोच. आपला माणूस आहे.

तू सणावाराला डबा घेऊन जातेस आणि हुकूम सोडून येतेस. आबा दिवसभर एकटे काय करतात, कधी विचारलंस? त्यांचा मोबाईल परत दे. आईला नमस्कार सांग. तुला सांगायची इच्छा नाही, तरी तुलाही.

दयानंद


किल्लारी, ता. १७ जुलै

चि. सिंधुस आबाचा आशीर्वाद, आन् त्याच्यासंगं शिव्याबी.

मी काय पाळण्यातलं लेकरू हाय का? माझ्या हातातली वस्तू हिसकावून न्यायला तुला कुणी सांगितलं? बॉयलरची शिट्टी ऐकून दोष सांगणारा माणूस मी. मला नफा-तोटा कळत न्हाई व्हय? पैसा माझा, बुडाला तर माझा बुडंल. तुझ्या आईनं दोन दिवस तुझी बाजू घेतली, आता तीबी गप हाय.

पर एक गोष्ट हाय. ती दयानंदला सांगून पाह्यली, आता तुला सांगतो. जस्त चढलं. माझा सौदा फायद्यात हाय. तुझ्या आईच्या फोनवरून साहेबरावला म्हणलं, मिटव आन् पैसे दे. तर म्हणतो, राहू द्या काका, आणखी चढंल. फिरून म्हणलं, फिरून तेच. टीव्हीवर एक बाई सांगत होती, खऱ्या सौद्याचा मेसेज त्याच दिवशी एक्स्चेंजकडून येतो. मोबाईल माझ्या हातात व्हता तवाबी मला एकबी आला न्हाई. दयानंद म्हणतो, आबा, इश्वास ठेवा.

मी चाकूरला यायलोय. मोबाईल तयार ठेव, आन् तूबी चल नांदेडला. राग तिथं काढ.

आबा


चाकूर, ता. २३ जुलै

दयानंद,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल आबांना घेऊन नांदेडला वजिराबादेत साहेबरावकडं गेले. मोबाईलच्या दुकानावरची खोली. भिंतीवर टीव्ही, त्यावर भाव पळतायत, खाली दोघं-तिघं चिठ्ठ्या खरडतायत. आबांनी टोपी नीट केली आणि विचारलं, माझं जस्त कुठल्या खात्यावर हाय? साहेबराव हसला. म्हणाला, काका, खातं कसलं, सौदा इथंच होतो आन् इथंच राहतो. म्हणजे एक्स्चेंजपर्यंत काही जातच नाही. भाव टीव्हीवर बघायचा आणि पैज याच्याशी लावायची. गिऱ्हाईक हरलं की पैसे याच्या खिशात, जिंकलं की त्याला झुलवत ठेवायचं. याला डब्बा म्हणतात म्हणे.

मी आवाज चढवला तेव्हा तो म्हणाला, माझ्यावर कशाला तापता बाई, तुमच्या भावाला विचारा. त्यानं आणलेल्या दर गिऱ्हाइकामागं त्याला त्याचा वाटा पोचलाय. काकांच्याही मागं पोचला.

आबांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. कदाचित ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्यांना वाटलं.

मी टीव्हीची वायर उपटली. जिन्यावर माणसं जमली. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही. परत येताना अहमदपूरला गाडी थांबली तर आबा चहालाही उतरले नाहीत.

दया, तू बापाचं गिऱ्हाईक केलंस.

सिंधु


किल्लारी, ता. २ ऑगस्ट

चि. दयानंदास आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. तू लिहितोस, तुझेबी पैसे साहेबरावकडं अडकलेत, हे सगळं खोटं हाय ते तुला आधी ठावं नव्हतं. नसंल. पर मी मेसेजचं इचारलं तवा तुला ठाऊक झालं व्हतं. तवाबी तू इश्वास ठेवा म्हणलास. मला राग त्याचा हाय.

नांदेडला जाऊन ठाण्यात तक्रार दिली. साहेबरावचं नाव सांगितलं, मग तुझं. फौजदार चांगला माणूस. म्हणला, काका, लेकाचं नाव कशाला, एकाचं पुरं हाय. मी म्हणलं, दोन्ही लिहा. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती आन् उठून जाती. तिच्या जागी ती बरोबर हाय.

शेजारच्या साखराबाईनं म्हैस इकून तुझ्याकडं जस्तासाठी पैसे दिले, हे मला काल कळलं. ती दारातून नुसती बघत व्हती. तिच्यापुढं तू सोता उभा राहा. मी राहणार न्हाई.

जस्त मी सोडलं न्हाई. सिंधुला घेऊन लातूरला रीतसर खातं काढलं. पयला सौदा तोट्यात गेला. सांजच्याला मेसेज आला, तोटा सरळ लिवलेला व्हता. सिंधु रागानं बघत राहिली, मी जेवलो.

ठाण्यातून बोलावणं आलं की मला कळव. मी येतो. तुझ्या शेजारी बसंन, वकील लागला तर त्याच्याकडंबी संगं येईन. पर तुझं नाव मागं घे म्हणशील, तर ते व्हणार न्हाई.

माया तशीच हाय, रागबी तसाच हाय. दोन्हीसाठी घरी ये.

तुझा बाप,
ग्यानोबा