चहाच्या डागाचं ‘आहे’

१५ सप्टेंबर, सोमवार
काल शाहूपुरीत साक्षरतेची सभा. मी तासभर बोलले. वाचता न येणाऱ्याला कुणीही नाडतं, हे नेहमीचंच. शेवटी माझ्या पहिलीतल्या अल्फियाचं उदाहरण. जूनमध्ये अक्षर ओळखत नव्हती. आता शब्दकार्ड दिसताच ‘आहे’, ‘नाही’, ‘पण’ म्हणते. टाळ्या. तिची आई नजमा पुढच्या रांगेत, डोळ्याला पदर.
आज हेडसर खूश. अल्फियाचा वाचतानाचा व्हिडिओ काढून आमच्या बावड्यात सगळ्यांना पाठवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पोरं इंग्रजी शाळेकडं वळणार नाहीत. शुक्रवारी काढू म्हणाले. मीही हो म्हटलं.

१६, मंगळवार
व्हिडिओत मळकी दिसतील म्हणून कार्डं नवी केली. शब्द तेच, तसेच ठळक. अल्फियाला एकही येईना. जुनं ‘आहे’ धरलं, लगेच म्हणाली.
“ह्येच्यावर चहा सांडलाय की, बाई.”
‘नाही’चा कोपरा फाटका, ‘पण’ला पिन. एकेकाची खूण हौसेनं सांगितली. मला ठाऊकच असणार, अशा थाटात. चहा माझ्याच कपातला.
तीन महिने मी काय शिकवत होते?

१७, बुधवार
हेडसरांना सांगितलं. हसले.
“व्हिडिओत डाग कुणाला दिसतोय, बाई? जुनीच धरा की.”
सहा वर्षांच्या पोरीला जाहिरातीसाठी नाचवायचं, आणि तिला वाचता येत नाही हे आपण दोघांनी झाकायचं. ही फसवणूक आहे म्हटलं. तर म्हणाले, भाषण तुम्हीच ठोकलंसा, मी न्हाय.
जुनी कार्डं पर्समध्ये कोंबली, घरी घेऊन आले.

१८, गुरुवार
फळ्यावर लिहून घेतलं. अक्षरावर बोट, मग शब्द, मग वाक्य. अल्फिया रडली. “माझी कार्डं द्या की. त्येच्यात मला येतंय वाचाय.”
शाळा सुटताना नजमाला खरं सांगितलं. तिनं अल्फियाचं दप्तर खांद्याला अडकवलं. मग, “साऱ्या गल्लीत सांगून आलोय मी, बाई.”
यावर कुठलं भाषण करणार.

१९, शुक्रवार
हेडसर मोबाईल घेऊन हजर. मी रिकाम्या हातानं. फळ्यावर एकच ओळ: हे घर आहे. नजमा खिडकीशी.
अल्फियानं शेवटच्या शब्दावर बोट फिरवलं.
“ह्येला डाग कुठाय?”
“डाग नसतो.”
“मग ह्यो कुठला?”
“तूच सांग.”
मागून हेडसर: चालू करू का, का येतच न्हाय तिला? मी मोबाईलसमोर आडवी उभी राहिले. शब्द माझ्या जिभेवर आला होता, गिळला.
“आ,” ती म्हणाली. पुढं अडली.
हेडसरांनी मोबाईल खिशात टाकला. सोमवारी काढू, जुनी कार्डं आणा, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंकडं देतो म्हणाले. आणणार नाही म्हटलं.
घंटा झाली. पोरं पळाली. अल्फियानं त्या शब्दावरून बोट उचललं नव्हतं.