मानपाड्याच्या खाणीतला दगड आणि माझी इतर मालमत्ता

मी, राजरत्न बाबुराव भालेराव, वय वर्षे ७३, भूगर्भशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार कोपर स्टेशनजवळ, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पत्नी वैशाली हिचे याबाबत वेगळे मत असून ते तिने चहा देताना तोंडी नोंदवले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी दडपण आणावे इतकी मालमत्ताही नाही.

घाई अशासाठी की आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. घर रिकामे करायचे आहे, आणि घरात माणसे दोन, बाकी सगळे दगड. त्यातल्या एका दगडाचे माझ्या पश्चात काय होणार, ही चिंता मला स्वस्थ बसू देत नाही. बाकी तरतुदी त्या निमित्ताने उरकून घेत आहे.

कलम १. राहते घर, आणि पुनर्विकासात त्याऐवजी जे मिळेल ते, तसेच बँकेतील ठेवी, सर्व वैशालीला. संसारभर ती ज्या पलंगावर झोपली त्याच्या खाली कर्नाटकातले पोतेभर खडक होते. लग्नानंतर फिरायला म्हणून मी तिला चिकमगळूरला नेले, एका उघड्या माळावर उभे केले, आणि हा ग्रॅनाइट तीनशे कोटी वर्षांचा आहे, पृथ्वीवर खंड तयार होत होते तेव्हाचा, असे सांगून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "मग अजून तासभर कुठे जात नाही तो. आधी जेवून घेऊ." तिच्यावर माझे फार प्रेम आहे. तोंडी कधी जमले नाही म्हणून इथे लेखी देत आहे.

कलम २. हातोडा, होकायंत्र आणि भिंग मुलगी नीरजा हिला. ती कल्याणला दातांचा दवाखाना चालवते. भिंग तिच्या कामाचे आहे; हातोडा पेशंटला दिसेल अशा जागी ठेवू नये. हा हातोडा घेतला तेव्हाची एक गोष्ट तिला माहीत नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. कल्याण यार्डात रुळांखाली खडी भरण्यात त्यांची सगळी हयात गेली. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांना हातोडा दाखवून संशोधन म्हणजे काय करणार ते समजावले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "दगडच बघायचे होते तर माझ्याबरोबर आला असतास की." माझ्या कामावर इतका नेमका अभिप्राय पुन्हा कोणी दिला नाही.

कलम ३. जुनी भांडणे. डोंबिवलीत भूगर्भशास्त्रज्ञाला लोक एकाच कामाला बोलावतात, ओट्याचा ग्रॅनाइट पसंत करायला. मी जात असे, आणि प्रत्येक घरी सांगत असे की बाजारातला काळा ग्रॅनाइट हा बहुतेक वेळा ग्रॅनाइटच नसतो. खरा ग्रॅनाइट सहसा फिकट आणि वजनाला हलका. तो हलका, म्हणून खंड दुधावरच्या सायीसारखे वर राहिले. नाहीतर सगळीकडे समुद्रच असता आणि ओट्याचा प्रश्नच आला नसता. इथवर आलो की चहा यायचा थांबत असे. सोसायटीचे सेक्रेटरी तानाजी शेलार यांच्या सौभाग्यवती तेव्हापासून जिन्यात माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचा ओटा मी या मृत्युपत्राद्वारे ग्रॅनाइट म्हणून मान्य करीत आहे.

कलम ४. पलंगाखालचे आणि गॅलरीतले खडक मी महाविद्यालयाला देऊ केले होते. त्यांनी आभार मानले आणि नको म्हणाले. ते नव्या इमारतीच्या बागेत कुंड्यांभोवती लावावेत.

कलम ५. आता तो दगड. मानपाड्याच्या मागे पूर्वी एक खाण होती. तिच्या भिंतीत, काळ्या बसाल्टमध्ये, मला नारळाएवढा गुलाबी ग्रॅनाइट अडकलेला दिसला. ठाणे, कल्याण, डोंबिवली सगळे बसाल्टवर, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्यावर वसलेले आहे. ग्रॅनाइट इथे कुठेही वर आलेला नाही. माझे म्हणणे असे की, लाव्हा वर येताना खाली गाडलेल्या प्राचीन खंडाचा तुकडा सोबत घेऊन आला. म्हणजे मी चिकमगळूरपर्यंत ज्याच्या मागे गेलो, तो माझ्याच घराखाली असणार. फोटो काढायला गेलो तर कॅमेऱ्यातला रोल आदल्या दिवशी मेव्हण्याच्या साखरपुड्यात संपलेला. मी काळ्या तुकड्यासकट दगड फोडून घरी आणला. पुढच्या रविवारी रोल घेऊन गेलो तेव्हा ती भिंत सुरुंगाने उडवलेली होती. आता तिथे टॉवर आहेत, आणि साखरपुड्याचे फोटो मात्र छान आले आहेत.

यावर मी निबंध लिहिला. त्याचा उल्लेख आजवर जगात एकाच ठिकाणी झाला, माझा सहकारी आणि मित्र देवराम म्हात्रे याच्या निबंधात, "हे ग्राह्य धरता येत नाही" या वाक्यात. देवरामचे म्हणणे, खाणीच्या क्रशरवर दहा ठिकाणचे ट्रक येत. दगड कुठला, कोण सांगणार? तेव्हापासून सकाळच्या फेरीत तो एकच सांगतो, "राजा, काप तो. काळ्या-गुलाबीच्या सांध्यावर ग्रॅनाइट लाव्ह्याच्या उष्णतेने वितळलेला दिसला तर मी मानतो. नाहीतर सोड ना यार."

मी कापला नाही. दगड एकुलता एक आहे, असे कारण देत आलो. खरे म्हणजे मला भीती वाटते. सांधा कोरडा, न वितळलेला निघाला तर मी जन्मभर काय केले, ते सांगायला माझ्याकडे काही उरत नाही. पण तो बाथरूमच्या फुटक्या टाइल्सबरोबर डंपरमध्ये जावा, हे त्याहून सोसवत नाही. वैशाली तो जपून ठेवील, पण ती माझ्याखातर ठेवील. मला तो अशा माणसाला द्यायचा आहे ज्याचा माझ्यावर विश्वास नाही. सबब हा दगड, कापण्याच्या पूर्ण हक्कासह, माझ्या पश्चात देवराम म्हात्रे याला.

पुरवणी. वरील मजकूर पुरा झाला आणि सह्यांच्या वेळी पुढील प्रकार घडला. देवराम साक्षीदार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचे पेन घेऊन आला होता. आत काय लिहिले आहे ते त्याला ठाऊक नव्हते. नीरजाची मैत्रीण अ‍ॅड. समीक्षा हिने त्याला थांबवले.

"देवराम काका, तुम्ही सही नका करू. ज्यांना काही मिळतंय ते साक्षीदार नसलेले बरे. उद्या कोणी शंका काढली तर?"

"मला काय मिळतंय याच्याकडून?"

मी कलम ५ वाचून दाखवले. देवरामने पेनाला टोपण लावले. तो हसेल असे मला वाटले होते.

"सही दुसऱ्या कोणाची घे," तो म्हणाला. "दगड मी घेतो. पण तू मरायची वाट बघत बसू का मी? मला पण पंच्याहत्तर लागलंय. आत्ता दे. उद्या कापू. आणि तू येणारेस बरोबर."

"आणि वितळलेला नसला तर?"

"तर नसला. चहा पिऊ आणि घरी येऊ."

मी हो म्हणायच्या आत वैशालीने दगड न्यायला भाजीची पिशवी आणून दिली होती.

सबब कलम ५ रद्द समजावे, कारण त्यातील मालमत्ता आता माझ्या ताब्यात नाही. ती देवरामच्या स्कूटरवरून गेली. बाकी मृत्युपत्र कायम. कायद्यात बसत असेल तर एवढीच विनंती, की त्या सांध्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली लागेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये. मला बघायचे आहे.

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) राजरत्न बाबुराव भालेराव

भालेराव सरांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

१. (सही) डॉ. सुमित रणपिसे, कोपर
२. ~~देवराम म्हात्रे~~ (सही) सर्वेश गोडांबे, वरचा मजला